दादा आत आहे, आज चोविसावा दिवस

आज सोमवार, जेलमध्ये दादाशी मुलाखत म्हणजे भेट झाली. सकाळी साडेसहाच्या एसटीने निघाले, थंडी कडाक्याची, खिडकीची काच काही केल्या बंद होईना, हातात पिशवी आणि पिशवीत दादाचे कपडे. हल्ली बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे निदान जाणं-येणं तरी झेपतं. दहा वाजता नंबर लागला. काचेपलीकडे दादा येऊन बसला, फोन उचलला आणि पहिलं काय विचारलं तर "तायडे, त्या माणसाचा हात कसा हाय?"

मी उत्तर पाठ करून गेले होते, म्हणजे घरी सगळं ठीक, आई जेवते, तू काळजी करू नको वगैरे. हे मात्र मी धरलं नव्हतं. प्लास्टर आहे अजून, एवढंच मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तो मान खाली घालून बसला. वीस मिनिटांतली तीन-चार मिनिटं अशीच गेली आणि मी त्याला बोल म्हणलं नाही.

हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय कारण पहिल्या रात्री मला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि सांगणारं कुणी नव्हतं. आमच्या घरात पोलीस स्टेशनची पायरी कुणी चढलेलं नाही. दादा जॉबर आहे, यंत्रमाग दुरुस्त करतो, इचलकरंजीत ज्याला त्याला माहीत असलेलं काम. शनिवारी संध्याकाळी कारखान्याबाहेर मारामारी झाली, एकाचा हात मोडला, दादा म्हणतो मी सोडवायला गेलो होतो, समोरचा म्हणतो यानेच रॉड घातला. खरं काय ते कोर्ट ठरवेल. मी तिथे नव्हते, त्यामुळे भाऊ आहे म्हणून मी शपथेवर काही सांगू शकत नाही, आणि खोटं सांगायचं नाही हे मी स्वतःशी ठरवलंय.

रात्री नऊला मित्राचा फोन आला, दादाला उचललंय. कुठं नेलं? माहीत नाही. त्याचा फोन बंद. आई, मी आणि चुलतभाऊ गाडीवरून पोलीस स्टेशनला गेलो (कुठलं ते इथे लिहीत नाही, आत असलेल्या माणसाला माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको), तिथले साहेब म्हणाले इथं त्या नावाचं कोणी नाही. आई तिथेच खाली बसली. दादाला फिट्सचा त्रास आहे, सकाळ-रात्र गोळी चुकवून चालत नाही, आणि ती रात्रीची गोळी माझ्या पर्समध्ये होती. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, गुन्हा काय, कलम काय, काही नाही, फक्त ती गोळी.

नंतर कळलं की ते खोटं बोलत नव्हते, पण पूर्णही सांगत नव्हते. प्रत्येक पोलीस स्टेशनला लॉकअप असतोच असं नाही, गुन्हा एका ठिकाणी दाखल होतो आणि माणूस रात्री दुसऱ्याच स्टेशनच्या लॉकअपमध्ये ठेवतात. आपण विचारायचं काय तर "अटक केलीय का, गुन्हा रजिस्टर नंबर काय, तपास अधिकारी कोण आणि रात्री कुठल्या लॉकअपला ठेवलंय". मी विचारलं "माझा भाऊ इथे आहे का", आणि उत्तर आलं नाही. चुलतभावाने शेवटी जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला. अटक झालेल्यांची माहिती जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला ठेवायची हे कायद्यातच आहे. दहा मिनिटांत लॉकअप कळला. अटक झाली की घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी, तो माणूस सांगेल त्या कुणाला तरी कळवणं हेही पोलिसांवर बंधनकारक आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८ (१ जुलै २०२४ पासून सीआरपीसी हा फौजदारी कारवाईचा जुना कायदा जाऊन ही आली). आम्हाला पोलिसांनी कळवलं नाही, मित्राने कळवलं.

लॉकअपवर रात्री पावणेबाराला पोचलो. तिथे एक बाई हवालदार होत्या, त्यांचं नाव मला माहीत नाही पण आयुष्यभर लक्षात राहतील. गोळ्यांची स्ट्रिप आणि डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन दोन्ही पाहिलं, आमच्या देखत वहीत लिहिलं आणि आत गोळी दिली. म्हणाल्या, उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात तपासणीला नेतील, तिथून कोर्टात, तुम्ही कोर्टात थांबा, इथं थंडीत बसून काय होणार नाही. नुसती स्ट्रिप नेली असती तर कदाचित घेतली नसती. कागद बरोबर होता म्हणून झालं. तेव्हापासून दादाच्या फाइलची झेरॉक्स माझ्या बॅगेत कायम असते.

दुसऱ्या दिवशी रविवार, गल्लीत सगळे म्हणत होते की सोमवारपर्यंत कोर्ट नाही. तसं नसतं. २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी, म्हणजे कोठडी ठरवायला, एक कोर्ट बसतं. आम्ही सकाळी नऊपासून आवारात. दादा आला तेव्हा शर्ट कालचाच, बाहीला ग्रीस. आईने लांबून हात केला, त्याने पाहिलं, आणि मला वाटतं त्या एका क्षणाने त्याला जेवढा धीर आला तेवढा नंतर आम्ही नेलेल्या कशानेच आला नसेल. आज त्यानेच सांगितलं, म्हणाला रात्रभर वाटत होतं की मी कुठं आहे हे तुम्हाला कधी कळणारच नाही.

वकील नव्हता. हे लिहायला अवघड जातं पण लिहिते. कोर्टाच्या गेटवर एकजण भेटला, पाच हजार द्या, आत ओळख आहे, सगळी सोय करतो. मी पैसे काढले होते. नशीब, शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, पोरी, आत जा आणि लोक अभिरक्षक कुठं बसतात विचार. हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सरकारी खर्चाने मिळणारे वकील. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला हा वकील मोफत मिळतो, कमाई किती हे बघत नाहीत, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. फोन करायचा तर १५१००. आम्हाला ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी केल्या, एक म्हणजे गोळ्यांचा अर्ज देऊन कोर्टाकडून लिहून घेतलं की औषध वेळेवर द्यायचं, आणि दुसरं, अटकेची कारणं लेखी दिलीत का ते विचारलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कारणं लेखी आणि माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची, सगळ्या गुन्ह्यांत. मला ह्यातलं तेव्हा काहीच कळलं नाही, मी फक्त मॅडमच्या तोंडाकडे बघत होते.

तीन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग बुधवारी एमसीआर (न्यायालयीन कोठडी). आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, एमसीआर म्हणजे वाईट. उलट, पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी लागली म्हणजे जामिनाच्या अर्जाचा रस्ता मोकळा होतो. पण त्याच संध्याकाळी दादा परत हरवला. कोल्हापूरला नेला एवढंच कळलं. आता बिंदू चौक सबजेल की कळंबा जेल? एका ठिकाणी फोन केला, म्हणाले ह्या नावाचा बंदी नाही. दुसऱ्या ठिकाणी फोनच लागेना. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कोर्टातून वॉरंटवर, म्हणजे जेलला पाठवायच्या कागदावर, काय लिहिलंय ते बघून सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की पहिल्याच ठिकाणी तो होता, आपण घरात जे नाव म्हणतो ते मी सांगितलं होतं आणि रजिस्टरला आधारवरचं नाव, आडनाव आधी, वडिलांचं नाव मधे. तेव्हापासून एक कागद केलाय. पूर्ण नाव आधारप्रमाणे, वय, पोलीस स्टेशन, गु.र.नं. आणि वर्ष, कलमं, कोर्ट, सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (कोर्टातला केसचा ओळख नंबर), आत गेल्याची तारीख. फोन करताना हाच वाचून दाखवते. सीएनआर टाकला की पुढची तारीख ई-कोर्टच्या ॲपवर घरबसल्या दिसते, वकिलांना रोज फोन करून पिडावं लागत नाही.

पहिल्या मुलाखतीला मी डिंकाचे लाडू नेले होते. आईने रात्री जागून केलेले, तूप जरा जास्तच घातलेलं. घरचं खाणं आत घेत नाहीत, कोर्टाची ऑर्डर असली तर गोष्ट वेगळी. परत येताना तो डबा एसटीत मांडीवर घेऊन बसले होते, उघडला नाही. घरी आईला काय सांगायचं ह्याचाच विचार चालला होता. शेवटी खरं सांगितलं. आता पैसे पाठवतो, ते त्याच्या नावावर जमा होतात आणि तो आतल्या कँटीनमधून साबण, बिस्किटं, फरसाण घेतो. पावती जपून ठेवते. मुलाखतीचं नाव आधी नोंदवायचं, ई-मुलाकातवर ऑनलाइनही होतं, पण आमच्यासारख्यांना पहिल्या वेळी खिडकीवर जाऊन विचारलेलंच बरं. आधार ओरिजिनल लागतं, आणि त्याने आत दिलेल्या यादीत आपलं नाव असावं लागतं. बाहेर बाकड्यावर बसून नंबरची वाट बघताना आजूबाजूला बघितलं की कळतं, बहुतेक सगळ्यांचं माणूस कच्चा कैदी. २०२२ च्या शेवटी देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही अशी. आकडा मॅडमनी सांगितला होता, बाकड्यावर बसल्यावर तो मला दिसला. एक बाई कराडहून येते, कडेवर सात महिन्यांचं बाळ, बापाने त्याला अजून काचेतूनच बघितलंय.

काय बोलायचं हेही शिकावं लागलं. मॅडमनी बजावलंय, फोनवर केसबद्दल बोलायचं नाही, बराकीतल्या कुणालाही केस सांगायची नाही. मग मी गल्लीतलं सांगते. कुणाच्या घरी बोअर मारली, आत्याची म्हैस व्याली, कारखान्यात त्याच्या जागी जो पोरगा आलाय त्याला सहा नंबरचा माग जमत नाही. ह्यावर दादा हसला. म्हणाला, त्याला सांग, डाव्या बाजूचा पट्टा सैल असतो. आल्यावर मी खरंच निरोप दिला, पट्टाच सैल होता.

आईची इच्छा वेगळीच. तिला त्या जखमी माणसाच्या घरी जायचं होतं, पाया पडायला. दोन दिवस तिने धरून ठेवलं होतं, नारळ घेऊन जाते म्हणाली, त्याच्या आईला भेटते, आईला आई समजून घेईल. मला पटलं होतं, मी निघणारही होते. मॅडमनी अडवलं. म्हणाल्या, तुमचं मन साफ आहे मला माहीत आहे, पण कोर्टात ह्याला फिर्यादीवर दबाव म्हणतील आणि त्याचा जामीन अडेल. आई खूप रडली. माफी मागायलासुद्धा परवानगी नाही का गं, म्हणाली. ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

मॅजिस्ट्रेटकडे जामीन नामंजूर झाला. आता सेशन कोर्टाला अर्ज आहे, गुरुवारी तारीख. तिथेही नाही झालं तर हायकोर्ट, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालंय म्हणून निदान मुंबई गाठायला लागणार नाही. जामीन झाला तरी लगेच सुटका होत नाही, जामीनदार लागतो, त्याचा सातबारा, ऐपतीचा दाखला. काका नाही म्हणाले. नाव खराब होईल, मुलीचं लग्न ठरतंय. मला राग आला, मग वाटलं त्यांच्या जागी मी असते तर? तरी राग आहे. मामाने मात्र एका फोनवर हो म्हणलं, उद्या मी त्याच्याबरोबर तहसीलला जाणार आहे. मॅडम म्हणाल्या की जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर जेलनेच विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय. पैशावाचून आत राहिलेली माणसं असतात म्हणून. बाकड्यावरच्या त्या कराडच्या बाईला हे सांगायचं राहिलं, शुक्रवारी आठवणीने सांगायचंय.

शुक्रवारी आई येणार आहे. पहिल्यांदाच. इतके दिवस मीच नको म्हणत होते, काचेपलीकडे त्याला बघून तिला सोसणार नाही वाटायचं. आज दादा म्हणाला, आण तिला, मी दाढी करून ठेवतो.

आज कपड्यांतली एक पॅन्ट परत आली, नाडी होती म्हणून. आल्यापासून आई तीच घेऊन बसली होती. नाडी ओढून काढली, इलॅस्टिक आणायला मला दुकानात पिटाळलं, सेफ्टी पिनेला लावून कमरेतून ओवलं, दोन्ही टोकं हाताने शिवली. मग मला उभं करून माझ्या कमरेला लावून बघितली. म्हणाली, तो बारीक झालाय का गं? मी म्हणलं, थोडा. तिने टाका उसवला आणि इलॅस्टिक दोन बोटं आत घेतलं.