नजर जाते ती जातेच

राजवाड्यासमोरच्या गर्दीत शेकडो चेहरे डोळ्यांपुढून सरकतात, पण गालावर कोड किंवा भाजल्याचा व्रण असलेला एखादाच नजर धरून ठेवतो. ‘असं बघणं वाईट दिसतं हे कळूनही डोळे तिकडेच का वळतात हो?’ असं इंदुरात पुष्कळजण विचारतात, जरा ओशाळूनच.

ओशाळू नका. चेहरा दिसल्यावर साधारण 170 मिलिसेकंदांत मेंदूने त्याची दखल घेतलेली ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत-लहरींच्या, आलेखात दिसते. शिष्टाचार त्यानंतर जागा होतो. आजवर पाहिलेल्या चेहऱ्यांची एक सरासरी डोक्यात बसलेली असते आणि नवा चेहरा तिच्याशी ताडला जातो. सरासरीजवळ दाटी, म्हणून तिथल्यांची गल्लत होते; लांबचा एकटाच, म्हणून नीट लक्षात राहतो. गंमत अशी, की ‘हा चेहरा आहे का?’ एवढंच विचारलं तर चारचौघांसारखाच आधी ओळखला जातो.

एरवी नजर दोन डोळे आणि तोंड यांच्यातच फिरते. व्रण तिला तिथून ओढून नेतो, आणि खरं नुकसान इथे होतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, नोकरीच्या मुलाखतीतल्या उमेदवाराच्या गालावरच्या डागाकडे ज्यांचं लक्ष जास्त गेलं, त्यांना त्याचं बोलणं कमी आठवलं. मग गुणही कमी दिले गेले. मुद्दाम दुसरीकडे पाहणं हा तर त्याहून वाईट उपाय. सगळं लक्ष टाळण्यातच जातं आणि समोरच्याला ते कळतंही.

नजर गेली तर जाऊ द्या. झटक्याने वळवू नका, भुवयांच्या मधे परत आणा आणि बोलणं चालू ठेवा. मुलाखत घेत असाल तर सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा, उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या. रोजच्या भेटीत ही ओढ आपोआप ओसरते; नेहमीच्या दुकानदाराच्या गालावरचा डाग गिऱ्हाइकाला दिसेनासा होतो.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मात्र हिशेब उलटतो. डोळ्यांची जागा गालांपेक्षा गडद, या खुणेवर चेहऱ्याची ओळख बरीच टेकलेली असते. गाल-कपाळ काळ्या-जांभळ्या रंगाने माखले, की फोटोच्या निगेटिव्हसारखी गत होते आणि सख्खा भाऊही आवाजावरून ओळखावा लागतो. त्यात सगळेच विचित्र, म्हणून कुणीच उठून दिसत नाही. नजरा खिळतात त्या कोऱ्या चेहऱ्याच्या माणसावर. तो फार वेळ कोरा राहत नाही, ते वेगळं.