सगळ्या चाचण्या पास, तरी पत्ता गायब

एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम टूल्स (एकेक ठरावीक काम करणारी छोटी साधनं) वापरून स्वतः पार पाडणारा प्रोग्राम. त्याच्यासाठी लिहिलेली टूल्सची वर्णनं तपासणं हे माझं सध्याचं काम. ऐकणाऱ्याला वाटतं, भाषा सुधारत बसत असेन. प्रत्यक्षात बराचसा वेळ लॉग, म्हणजे एजंटने काय काय केलं याची पायरीपायरीची नोंद, वाचण्यात जातो. एजंटला टूलबद्दल कळतं ते तीनच गोष्टींवरून: नाव, वर्णन आणि कोणता रकाना कोणत्या प्रकारचा, कोणता सक्तीचा हे सांगणारी स्कीमा. २०२४ च्या अखेरीस एमसीपी ही एआयला बाहेरची टूल्स जोडायची सामायिक पद्धत आली, टूल जोडणं सोपं झालं, पण ही मर्यादा तशीच राहिली. आतला कोड एजंटला दिसत नाही, आणि डेव्हलपरच्या डोक्यातलं तर नाहीच नाही.

त्या दिवशी ग्राहकांच्या नोंदींचा एक टूलसंच हातात आला. निकाल आधीच हिरवेगार. ‘ग्राहकाचा फोन नंबर बदल’ या कामात तर एकही फेरी नापास नव्हती. (एकच काम अनेकदा चालवावं लागतं, एजंटमागचं भाषा-मॉडेल दर वेळी सारखंच वागेल याचा भरवसा नसतो.) इतकं निर्भेळ यश दिसलं की मला संशय येतो. एक लॉग उघडला आणि ओळ न् ओळ वाचली.

एजंटने ग्राहक शोधला. ‘अपडेट कस्टमर’ला आयडी आणि नवा नंबर पाठवला. उत्तर आलं ‘सक्सेस’. त्याने ‘नंबर बदलला आहे’ असं कळवून टाकलं. सगळं रीतसर. मग चाचणीच्या डेटाबेसमधली ती नोंद काढून पाहिली. नंबर नवा होता. ईमेल, पत्ता, जन्मतारीख, सगळं कोरं.

टूलच्या मागे सर्व्हरला जाणारी ‘पुट’ प्रकारची विनंती होती. तिथे जे पाठवाल ते अख्ख्या नोंदीच्या जागी बसायचं. ‘पॅच’ असती तर दिलेला रकानाच बदलला असता. वर्णन मात्र एवढंच: ‘ग्राहकाची माहिती अपडेट करते.’ स्कीमात सक्तीचा रकाना एकच, आयडी. म्हणजे बाकी काही पाठवायची गरज नाही, हे टूलनेच एजंटला सांगितलं होतं. निकाल तपासणारी स्क्रिप्टही फक्त नंबर जुळतो का ते बघायची.

‘पुट म्हणजे पूर्ण बदल, हे कुणालाही माहीत असतं,’ डेव्हलपर म्हणाला. खरंय. पण एजंटला मिळणाऱ्या मजकुरात ‘पुट’चं नावच नव्हतं. तो मजकूर मी जसाच्या तसा त्याच्यासमोर ठेवला. ‘कोड विसर. यावरून सांग, पत्ता पाठवशील?’ त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, ‘नाही पाठवणार.’

त्याने सुचवलं, सगळे रकाने सक्तीचे करू. कागदावर चोख उपाय. चालवून पाहिलं तेव्हा काही फेऱ्यांत एजंटने आधी जुनी नोंद वाचली आणि सगळं नीट भरलं. काही फेऱ्यांत न वाचताच भरलं. कुठे ईमेलच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं, तर एका फेरीत चक्क ग्राहकाच्या नावावरून बेतलेला, अगदी खरा वाटणारा ईमेल. हे मला पहिल्या चुकीपेक्षा भयंकर वाटलं. कोरा रकाना निदान डोळ्यांना खुपतो. या ईमेलकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. रकाना सक्तीचा म्हटला की मॉडेल तो कुठून तरी भरतं.

मग इशाऱ्यांचा प्रयोग झाला. ‘सावधान’, ‘अत्यंत महत्त्वाचे’ वगैरे घालून लांबलचक परिच्छेद. नोंदी शाबूत राहिल्या, पण एजंट असा बिचकला की साधी टीप जोडायलाही परवानगी मागू लागला. शिवाय मॉडेल एका वेळी ठरावीक मजकूरच समोर ठेवू शकतं, आणि वर्णनं त्यात जागा खातात, आणि टूल्स चाळीस-पन्नास असली की ती जागा थोडीथोडकी नसते.

शेवटी दोनच वाक्यं ठेवली: ‘पाठवलेली नोंद जुन्या नोंदीची जागा घेते, न पाठवलेले रकाने रिकामे होतात. एखादाच रकाना बदलायचा असेल तर आधी नोंद वाचून पूर्ण नोंद परत पाठवा.’ वर्णन घडवताना न वापरलेली, वेगळी राखून ठेवलेली कामं यावर चालवली. निकाल पुष्कळ सुधारले, पूर्ण सुधारले नाहीत. म्हणून अहवालात स्पष्ट लिहिलं की हा वर्णनाने सुटणारा प्रश्न नाही: फक्त दिलेले रकाने बदलणारं वेगळं टूल द्या, आणि हे टूल एजंटच्या यादीतून काढा. डेव्हलपरने कुरकुर केली, पण केलं.

स्क्रिप्ट आता बदलाच्या आधीची आणि नंतरची अख्खी नोंद ताडून पाहते; सांगितलेल्यापेक्षा जास्त काही बदललं की फेरी नापास. तीच स्क्रिप्ट लावून ऑर्डरचा टूलसंच पुन्हा चालवला, तर तिथल्याही काही हिरव्या फेऱ्या लाल झाल्या. सध्या ते लॉग वाचतोय.