आमची वाटचाल: डिस्क प्लेअर कंट्रोलरला जोडताना

होम ऑटोमेशनच्या कामात दिवे, पडदे, एसी निमूट ऐकतात. डिस्क प्लेअर मात्र मुळात हातातल्या रिमोटसाठी बनलेला. तो जोडण्याची आमच्या फर्मची पद्धत बदलत गेली ती एकाच प्रश्नापायी: प्लेअर आत्ता चालू आहे की बंद, हे कंट्रोलरला, म्हणजे घरातली सगळी उपकरणं चालवणाऱ्या मुख्य यंत्राला, कळणार कसं?

सुरुवात आयआरपासून, म्हणजे रिमोटच्या इन्फ्रारेड किरणांपासून झाली. कंट्रोलरच्या पोर्टमधून ३.५ मिमी मोनो पिनची वायर काढायची आणि टोकाचा एमिटर (किरण सोडणारा छोटा दिवा) प्लेअरच्या रिसीव्हरवर (किरण टिपणाऱ्या भागावर) चिकटवायचा. रिसीव्हर काळ्या पट्टीमागे दडलेला असतो. टॉर्च तिरपी मारली की आतला छोटा घुमट दिसतो. एमिटर नेमका त्यावरच हवा. अंदाजाने लावलेला एमिटर चाचणीत चालतो आणि नंतर मधूनमधून कमांड गाळतो. उलटही होतं: ताकद जास्त पडली की रिसीव्हर गोंधळतो. मग आउटपुट कमी करायचं किंवा एमिटर किंचित बाजूला सरकवायचा.

खरी डोकेदुखी पॉवरच्या बटणाची. रिमोटवर एकच बटण, तेच चालू करतं आणि तेच बंद. कोणी प्लेअरवरचं बटण हाताने दाबलं की कंट्रोलरचा हिशेब उलटा. म्हणून आधी चालू आणि बंदचे वेगवेगळे कोड शोधायचे. रिमोटवर ती बटणं नसली तरी बरेच प्लेअर ते कोड ओळखतात. नाही सापडले, तर प्ले किंवा ओपन दाबल्यावर प्लेअर जागा होतो का ते पाहायचं. होत असेल तर काम भागलं: बंद करताना आधी ती कमांड, प्लेअर पूर्ण उठेपर्यंत थांबायचं, मग पॉवर. अजून पक्कं हवं असेल तर यूएसबी पोर्टचे ५ व्होल्ट कंट्रोलरच्या सेन्सर इनपुटला द्यायचे. काही प्लेअर स्टँडबायमध्येही यूएसबी चालू ठेवतात, त्यामुळे आधी मीटर लावून बघायचं.

पुढे आरएस-२३२, म्हणजे दुतर्फा संदेश नेणारं सिरीयल पोर्ट असलेले प्लेअर आले आणि प्लेअरकडून उत्तर मिळू लागलं. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, तरी त्यांचा यूडीपी-२०३ आजही अनेक रॅकमध्ये दिसतो. त्याची सिरीयल सेटिंग ९६०० बॉड (वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. चालू करायची कमांड म्हणजे हॅश (#), पीओएन (PON) आणि शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे कमांड संपल्याची खूण. हा शेवटचा कॅरेक्टर राहिला की प्लेअर ढिम्म. एसव्हीएम २ (SVM 2) ही कमांड पाठवली की स्थिती बदलेल तेव्हा प्लेअर स्वतःहून कळवतो. एसव्हीएम ३ वर तो दर सेकंदाला वेळही पाठवत बसतो. स्क्रीनवर टाइमर दाखवायचा नसेल तर हा नुसता ताप.

केबल सरळ (पिन २ ला २) की क्रॉस (२ ला ३), यावर फार वेळ जातो. डीबी-९ ची, म्हणजे या पोर्टच्या नऊ पिनांच्या कनेक्टरची, पिन ५ ग्राउंड. २ आणि ३ पैकी एक पाठवते, दुसरी ऐकते. केबल सोडवून, प्लेअर चालू ठेवून मीटर लावा: ज्या पिनवर ग्राउंडच्या तुलनेत स्पष्ट निगेटिव्ह व्होल्टेज दिसेल ती पाठवणारी. ती कंट्रोलरच्या ऐकणाऱ्या पिनवर गेली पाहिजे.

आता शक्य तिथे आम्ही नेटवर्कच वापरतो. राउटरवर प्लेअरचा आयपी राखून ठेवायचा, नाहीतर कधीतरी तो बदलतो आणि ड्रायव्हर (कंट्रोलरमधला प्लेअरशी बोलणारा प्रोग्राम) ऑफलाइन. मेनूमधला नेटवर्क स्टँडबाय किंवा क्विक स्टार्ट चालू करायचा. तो बंद असला की बंद करण्याची कमांड चालते, चालू करण्याची नाही. वायर टाकता येत असेल तर वायफायच्या वाटेला जायचं नाही. यूडीपी-२०३ नेटवर्कवर पोर्ट २३ ला ऐकतो, कमांड त्याच.

पद्धत कोणतीही असो, एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय केबलवरून उपकरणांनी एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय) बंद. नाहीतर टीव्ही बंद होताना प्लेअरलाही झोपवतो आणि कंट्रोलर त्याला पुन्हा उठवायला धावतो. ४के डिस्कसाठी मधला एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि स्पीकरना सिग्नल देणारा) किंवा मॅट्रिक्सही (एचडीएमआय सिग्नल वाटणारा स्विच) एचडीसीपी २.२ चा, म्हणजे त्या कॉपी-संरक्षणाला चालणारा हवा. तो जुना निघाला की पडदा काळा राहतो किंवा चित्र १०८०पी वर उतरतं, आणि दोष मात्र ऑटोमेशनवर येतो.

रॅकला दार असेल तर अॅपमधलं ओपन बटण काढून टाकतो, नाहीतर ट्रे बंद दारावर आपटतो. ते हवंच असेल तर दाराला सेन्सर लावून, दार उघडं असतानाच कमांड जाईल असं प्रोग्राम करतो.