तुम्ही विचारलंत म्हणून : मॅगीचं अजून संपलं नाही का?

'अजून तेच वाचतेस? संपलं नाही का ते?' माझ्या कपाटातली 'लव्ह अँड रॉकेट्स' या कॉमिक्सच्या अंकांची रांग बघून प्रत्येक जण हे विचारतो. नाही संपलं. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या हर्नान्देझ भावांनी १९८१ साली पदरमोड करून पहिला अंक छापला, पुढच्या वर्षी फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेनं तो हाती घेतला. तेव्हापासून त्यातल्या हायमे आणि गिल्बर्टनी मॅगी आणि बाकीची पात्रं सोडलेली नाहीत.

प्रश्नामागचा प्रश्नही मला ऐकू येतो : चित्रांची पुस्तकं वाचायचं वय आहे का तुझं? त्याचं उत्तर देऊन देऊन मी कंटाळले आहे. आणि गिल्बर्टच्या उघड्यावाघड्या बायकांचा विषय कुणी काढायच्या आत सांगते, त्याचं नंतरचं बरंच काम मलाही जड जातं. पण ज्यानं पालोमार हे काल्पनिक गाव आणि हातोडी घेऊन फिरणारी लुबा उभी केली, त्याला मी टाकणार नाही.

मी थांबले ती मात्र हायमेच्या मॅगीसाठी. सुरुवातीला ती रॉकेटं दुरुस्त करायची, गोष्टींत डायनोसॉरही असायचे. हळूहळू ते सगळं मागे पडलं. उरली हॉपर्स ही मेक्सिकन-अमेरिकन वस्ती, पंक गाणी, पैशांची चणचण आणि होपी या मैत्रिणीवरचं प्रेम. विशीतल्या मला हे पटलं नव्हतं. मॅगीचं वजन वाढलं तेव्हा तर रागच आला होता. विशीतल्या त्या माझ्याशी मी अजून भांडते. म्हणते, वाचणाऱ्याच्या बरोबरीनं वय वाढणारी बाई तुला दुसरीकडे कुठे भेटली असती? ती ऐकत नाही. रॉकेटं छान होती, म्हणते. होतीच.

मग २०१० साली 'ब्राउनटाउन' आलं. मॅगीचं बालपण. वडिलांच्या कामासाठी कुटुंब दुसऱ्या गावी जातं आणि तिथे एक मोठा मुलगा मॅगीच्या धाकट्या भावावर, कॅल्विनवर, पुन्हापुन्हा अत्याचार करतो. घरात वडिलांचं प्रकरण बाहेर येतं आणि सगळे त्यातच गुंततात. कॅल्विन कुणाला काही सांगत नाही. मॅगी त्याच घरात आहे, त्याच टेबलावर जेवते, आणि तिला पत्ता नाही. हायमेची रेघ इतकी स्वच्छ की त्या पोराच्या चेहऱ्यावरून नजर हटवायला आडोसाच मिळत नाही.

मी घरात थोरली. धाकटा भाऊ आहे मला. ते वाचून मी त्याला फोन लावला.

"काय गं ताई, एवढ्या रात्री?"

"काही नाही रे, सहज."

त्याच्या गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोललो. विचारायचं होतं ते विचारलं नाही. शंका घ्यावी असं काहीच नव्हतं म्हणा. पण मॅगीला तरी कुठे काय दिसलं होतं? तेव्हापासून लहानपणीच्या आमच्या सुट्ट्या मी मनात उलटसुलट करून बघते, कोणत्या घरी तो किती दिवस एकटा राहिला होता ते आठवते. पुढचा अंक घरात येऊन पडला तरी मी तो उघडला नव्हता.

त्या अंकात 'द लव्ह बंगलर्स' ही मॅगीची गोष्ट पुरी होते. मोठा झालेला कॅल्विन मॅगीच्या प्रियकराच्या, रेच्या, डोक्यात वीट घालतो. मग समोरासमोरची दोन पानं : एकीकडे मॅगी, दुसरीकडे रे, आणि प्रत्येक चौकटीत त्यांचं वेगळं वय. शब्द जवळजवळ नाहीतच. आधीचं न वाचलेल्याला ती नुसती सुबक चित्रं वाटतील. मला पान उलटवेना.

इथेच थांबायला हवं होतं, असं बरेच जण म्हणतात. तेव्हा मीही म्हणत होते. पण हायमे थांबला नाही. 'इज धिस हाऊ यू सी मी?'मध्ये मॅगी आणि होपी आपापल्या जोडीदाराला घरी ठेवून जुन्या पंक मंडळींच्या मेळाव्याला जातात, चिडतात, एकमेकींना दुखावतात. ती दोन पानं शेवटची ठरली असती तर त्यांचं वजन आणखी वाढलं असतं, हे मला मान्य आहे. पण मग या वयातली मॅगी मला भेटली नसती, आणि ती मला हवी आहे.