आज्जीचं परडं

पालखी ज्या गावात मुक्कामाला येते त्या गावची बरीचशी माणसं वारीला जात नाहीत, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही पण खरंय. आमचं लोणंद. माऊली आली की दिवाळीपेक्षा जास्त काम, दारात पन्नास चपला, ओट्यावर झोपलेली माणसं, चुलीवर पिठल्याचं पातेलं, मग चालायला जाणार कोण? माझी आज्जी आयुष्यभर लोणंदमधे राहिली, गळ्यात माळ, एकादशी एक चुकवली नाही, पण पंढरपूरला ती गेली ते यष्टीनं, ते पण दोनदाच. चालत कधीच नाही. 2023 च्या फेब्रुवारीत ती वारली आणि मला उगाच वाटलं की तिचं राहिलेलं आपण करावं. (तिचं काही राहिलंबिहिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.)

सुट्टी मोजून आठ दिवस मिळाली. सासवड ते फलटण चालायचं ठरवलं. ओळखीच्या एका दिंडीत भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरली, बॅग ट्रकमधे टाकली, नवे शूज घातले. नवे शूज घालून वारीला जाणारी मी काय एकटीच नसेन, पण जेजुरी येईपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले ते आले. दिंडीतल्या एका मावशींनी सुईदोरा घेतला, फोडातनं आरपार घातला, दोरा आतच ठेवून वरनं हळद दाबली आणि म्हणाल्या चला. डॉक्टर लोक याला काय म्हणतील माहिती नाही, मी मात्र चालले.

त्या साली पाऊस लांबलेला. जून अर्धा संपला तरी ढग नाही, वाल्ह्याच्या रस्त्याला नुसतं तापत होतं आणि माझं डोकं दुखायला लागलं. मावशींनी विचारलं पाणी किती पिलीस. मी खरं सांगितलं, सकाळपासनं दोन घोट. का, तर बायकांनी जायचं कुठं? फिरती शौचालयं असतात आता, पूर्वीपेक्षा खूपच बरं आहे, पण तिथली रांग बघितली की माणूस बाटलीचं झाकण परत लावतो. मावशी हसल्या, म्हणाल्या सगळ्या बाया हेच करतात गं, नि मग चक्कर येऊन पडतात. तेव्हा मला एकदम आज्जीच्या साड्या आठवल्या.

त्या साड्यांचं सांगते.

आमच्या घरामागं मोठं परडं आहे, एक हापसा, एक लिंबाचं झाड, भिंतीला कांद्याची चाळ. (लोणंदमधे कांदा नाही असं घर नाही.) पालखीच्या आदल्या दिवशी आज्जी पेटी उघडायची आणि जुन्या नऊवारी काढायची. लिंबापासनं चाळीच्या वाशापर्यंत सुंभ ताणायची, त्यावर साड्या, खाली कडेला दगड, की झाल्या सहा न्हाणी. बायकांसाठी फक्त. शेजारी दोन संडास, एक आमचा आणि एक चुलत्यांचा, दोन्हींच्या कड्या त्या रात्री बाहेरनं लावायच्या नाहीत असा कायदा. पहाटे दोनपासनं बाया यायच्या. आज्जी हापशाशी बसून गरम पाण्याची बादली हातात द्यायची आणि ओरडायची, आवर की गं, मागं रांग हाय.

लहानपणी मला याची लाज वाटायची. आमच्या घरात आमच्याच आंघोळीला नंबर लागत नाही म्हणून मी रुसून बसायचे. एकदा विचारलं, बाकीची गल्ली जेवायला घालते, तू हे घाणीचं काम का घेतलंस? तर म्हणाली बाहत्तरला खडी फोडायला गेले हुते तवा. दुष्काळाचं काम, 1972, सगळीकडं तीच परिस्थिती, सुकडी मिळायची, मजुरी मिळायची. "पोटाचं भागलं बाय. पण दिसभर उघड्या माळावर, एक झुडूप न्हाय. अंधार पडंस्तवर बसायचं दाबून." माझे वडील तेव्हा तिच्या पोटात होते. एवढं बोलून ती उठली आणि म्हणाली जा, शेजारच्या काकीकडनं भाकऱ्या घेऊन ये.

भाकरीचं तर वेगळंच प्रकरण. घरटी अकरा भाकऱ्या ही आज्जीची पट्टी, सगळ्या गल्लीला. गोळा करायला ती स्वतः जायची आणि दारात उभी राहून भाकरी उजेडाला धरून बघायची. जळकी असली तर परत. "माऊलीला देतीस का म्हशीला?" असं तोंडावर. माणसं वैतागायची तिच्यावर, खोटं कशाला सांगू, आमची आई पण वैतागायची. देवभोळी सोज्वळ आज्जी म्हणतात तसली ती नव्हतीच.

मुक्कामाच्या संध्याकाळी समाज आरती असते तळावर. सगळ्या दिंड्या जमतात, टाळ वाजत असतात, चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की एवढा हजारोंचा समाज एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही, ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिथं जाऊन विचारतात काय झालं. आमची आज्जी म्हणजे तशी दिंडी होती. पाण्याचा टँकर आला नाही, गल्लीतला दिवा लागला नाही, रेशनला कुणा विधवेचं नाव नाही, की ही निघाली पदर खोचून, साहेबाच्या टेबलासमोर बसून राहायची, बोलायची पण नाही फार. टँकर यायचा.

2020 ला पालखी चालत आली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. टीव्हीवर बघून आज्जी म्हणाली, सातशे वर्साचं माऊली, तिकीट आर्ध काढलं का फुल? आणि मग आत जाऊन पीठ मळायला बसली. भाकऱ्या गेल्या नीरेच्या पुलावर, जिल्ह्याच्या हद्दीवर नाकाबंदीला उभ्या असलेल्या पोलिसांना.

हैबतबाबा आरफळकरांचं पण तिला फार कौतुक. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी असलेला सरदार, नोकरी सोडून आळंदीला आला आणि माऊलींच्या पादुका पालखीत घालून हा सोहळा उभा केला, आणि आरफळ आपल्या सातारा तालुक्यातलं. त्यामुळं तिच्या हिशेबानं वारी पुण्याची नाहीच, साताऱ्याचीच. नीरेला पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा मला खरंच भरून आलं, का ते सांगता येणार नाही, बहुतेक टाचांमुळं.

लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, दिंड्यांच्या दोन रांगांमधनं धावणारा माऊलींचा अश्व, टापांखालची माती कपाळाला लावायला झालेली झुंबड, ते सगळं मी बघितलं आणि ते भारीच आहे, पण त्याबद्दल सगळेच लिहितात. मला त्या दिवशीच्या पहाटेचं सांगायचंय.

लोणंदला मी मुद्दाम घरी झोपले नाही, दिंडीच्या राहुटीत झोपले. पहाटे तीनला मावशी आणि मी उठलो, टॉवेल घेतला आणि मी त्यांना आमच्याच परड्यात घेऊन गेले. काकीनं साड्या बांधल्या होत्या. पेटीतल्या त्याच, एक हिरवी इरकल, एक जांभळी. वीस-पंचवीस बाया रांगेत, मोबाईलचे टॉर्च, मी पण रांगेत उभी राहिले. काकीला अंधारात मी दिसलेच नाही.

पुढं एक म्हातारी होती, परभणीकडची, डोक्यावर तुळस नेणारी. साड्यांकडं बघून म्हणाली, ती वरडणारी कुठाय औंदा?

मी म्हणलं गेली, फेब्रुवारीत.

ती काही बोलली नाही. सुंभाला हात लावून बघितला, म्हणाली गाठ खाली बांधली बघा, ती छातीच्या वर बांधायची, उभं राहिलं तरी काही दिसू नये म्हणून. आणि तिनं तुळशीचं वृंदावन माझ्या हातात दिलं, गाठ सोडली, टाचा उंचावून वर बांधली, साडी परत सारखी केली, खाली दगड सरकवला. मग परत घेतलं नाही तिनं वृंदावन, तशीच बादली उचलून आत गेली आंघोळीला.

मी तुळस धरून उभी. आतनं पाण्याचा आवाज येत होता, बराच वेळ. मागनं कुणीतरी काकीला म्हणालं किती वेळ लावतीय ही बाई, आणि काकी हापशावरनं ओरडली, अगदी तिच्या सासूसारखी.

"आवर की गं, मागं रांग हाय!"