लोखंडाविना एक मिलिहेन्री

एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर नि रेझिस्टर मोजणारं यंत्र) खरं बोलतंय का, हे ताडून बघायला हाताशी भरवशाची कॉइल नव्हती. विकतची प्रमाण कॉइल खिशाला झेपेना, म्हणून १ मिलिहेन्रीची (हेन्री हे कॉइलच्या इंडक्टन्सचं एकक) घरीच करायची ठरवली.

नाशिकच्या अंबडमधल्या लेथवाल्याकडून नायलॉनचं कडं कापून घेतलं. आतला व्यास ६० मिमी, बाहेरचा १२०, उंची ४०. सूत्राने वेढे आले ४२५. सातपूरला मोटारी रिवाइंड करणाऱ्या काकांकडे २८ गेजची तार घेऊन गेलो.

"अहो, यात लोखंड कुठंय?"

लोखंड किंवा फेराइट (लोहाच्या ऑक्साइडचं चुंबकीय सिरॅमिक) घातलं की वेढे कमी लागतात, पण मग आकडा तापमानाबरोबर नि करंटबरोबर हलतो. काकांना ते फारसं पटलं नाही, तरी दोन संध्याकाळी बसून त्यांनी ६० मीटर तार हाताने ओवली. आत वेढ्याला वेढा भिडला, बाहेर निम्मी जागा मोकळी.

तार कड्यावरून पुढे सरकत जाते, तेव्हा परिघाएवढा एक मोठा वेढा आपोआप पडतो आणि तो बाहेरचं चुंबकीय क्षेत्र उचलतो. त्यावर उपाय म्हणजे शेवटचं टोक परिघावरून उलटं फिरवून सुरुवातीपाशी आणायचं. हे मला ऐनवेळी आठवलं, नशीब!

घरी १ किलोहर्ट्झवर मोजलं तर ३.२ मिलिहेन्री. ४२५ वेढे पुन्हा मोजायचे? झोप उडाली. सकाळी बघतो तर मीटर पॅरलल मोडवर, म्हणजे कॉइल नि तिचा रोध समांतर जोडलेत असं धरून मोजत होतं. तारेचा रोध सव्वानऊ ओहम, रिअ‍ॅक्टन्स (कॉइल एसी करंटला करते तो अडथळा) जेमतेम सव्वासहा. अशा कॉइलला दोन मोडच्या आकड्यांत तिपटीचा फरक पडतो. सिरीजवर, म्हणजे दोन्ही एकामागोमाग धरणाऱ्या मोडवर टाकलं, १.००४.

आषाढात तेच १.००९. ओळखीचा रेझिस्टर आणि कपॅसिटर जिथल्या तिथे होते, म्हणजे मीटरचा दोष नव्हता. नायलॉन ओल पिऊन फुगतं. गंगापूर धरण भरत होतं, तसं माझं कडंही.

दुसरं कडं एसीटल नावाच्या प्लास्टिकचं केलं, ते ओल फारच कमी घेतं. काकांनी पुन्हा तार ओवली, या वेळी न कुरकुरता. प्रयोगशाळेतून २३ अंशांवरचा आकडा आला: १.००२७.

"एवढं करून जास्तच भरलं की. एक वेढा काढू का?"

एका वेढ्याने जवळजवळ अर्धा टक्का खाली येतं, म्हणजे ते १.०००च्या खालीच गेलं असतं. डब्यावर १.००२७ नि तारीख लिहिली. आषाढात पुन्हा मोजायचं आहे.