तुम्ही विचारलंत म्हणून: उपवासकाळात पोरांना होळीला घरी का सोडता?

सातपुड्यातली पोरं आमच्या कॅथलिक शाळेच्या बोर्डिंगमध्ये राहतात, मी तिथली शिक्षिका. हा प्रश्न राखेच्या बुधवारी, म्हणजे कपाळावर राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत माझी पाठ सोडत नाही. विचारणारे आपलेच असतात. पॅरिशमधली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली मंडळी, भुसावळचे माझे नातेवाईक, दुसऱ्या कॅथलिक शाळांमधले शिक्षक. "पोरांकडून क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना) करून घेता, रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणवून घेता, आणि ऐन उपवासकाळात त्यांना ढोलावर नाचायला पाठवता?" कुणी काळजीने विचारतं, कुणी टोचायला. आजवर ज्याला जसं सुचेल तसं सांगत आले. आता एकदाच नीट लिहिते.

आधी पंचांगाचं बोलू. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेला, त्यामुळे होळी उपवासकाळातच पडते. 2025 मध्ये धुळवड 14 मार्चला, नेमकी शुक्रवारी आली, म्हणजे क्रूसाच्या वाटेच्या दिवशी. त्याच्या आदल्या वर्षी तर 24 मार्चला सकाळी झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) आणि रात्री होळी. तेव्हा "उपवासकाळ संपल्यावर पाठवा" या सल्ल्याला काही अर्थ नाही. तोवर सातपुड्यातली होळी विझून गेलेली असते.

आणि आमच्या बोर्डिंगमधल्या पोरांसाठी होळी म्हणजे नुसता सण नव्हे. धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोलीकडे, सुरतेकडे. ती कुठेही असली तरी होळीला गावी परततात. नंतर पुन्हा कामावर, नाहीतर मोहफुलं वेचायला. म्हणजे मधल्या काही महिन्यांत पोराला आईचं तोंड दिसायचं तर याच दिवसांत दिसतं. राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, उघड्याला कपडा दे, असं सांगून संदेष्टा तिथेच म्हणतो की आपल्या रक्तामांसाच्या माणसांकडे पाठ फिरवू नको. देवाला हवा तो उपवास हा, असं त्याचं म्हणणं. मी हे वाचन पोरांसमोर करायचं आणि होळीच्या रजेचे अर्ज फाडायचे, हे मला जमत नाही.

एके काळी जमायचं. माझं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधलं. धुळवडीच्या दिवशी आई दाराला आतून कडी लावायची. शुक्रवारी घरात मटण-मासे शिजत नसत. मिस्सेत आलेलुया नाही, गौरवगीत नाही, वेदीवर जांभळं कापड. त्या शिस्तीने मला घडवलं आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. या शाळेत आले तेव्हा सुरुवातीची वर्षं होळीला कुणालाही सोडायचं नाही अशी माझी ठाम भूमिका होती. ती तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, सगळं चालतं म्हटलं तर उपवासकाळात उरलं काय? कपाळावर राख लावायची आणि आठ-दहा दिवसांनी ढोलावर नाचायचं, तर त्या राखेचा अर्थ काय? तिला मी गप्प करू शकलेली नाही. तिचं म्हणणं पोकळ नाही.

पण तिने 2024 चा पवित्र गुरुवार पाहिलेला नाही.

ईस्टरच्या आधीच्या त्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी या विधीसाठी बारा मुलं मी निवडली होती, त्यांत पाच मुली. (पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये परवानगी दिल्यापासून आम्ही मुलींनाही बसवतो. त्यावरही प्रश्न येतात, पण ते पुन्हा कधी.) त्यांतला एक नववीतला, वरच्या पाड्यावरचा. आईबाप दोघं बाप्तिस्मा घेतलेले, मोठ्या काकांनी तो घेतलेला नाही. काकांचा त्या होळीत बावा, म्हणजे नवसाने नाचणारा, व्हायचा नवस होता. नवस करणारा पालनी पाळतो. खाटेवर झोपत नाही, ब्रह्मचर्याने राहतो. मग अंगभर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि रात्रभर नाच. पोरगा रविवारी सकाळी आमच्या मिरवणुकीत शिंदीची झावळी धरून "होसान्ना" म्हणाला आणि दुपारच्या जीपने गावी गेला. रात्री काकांशेजारी नाचला. बुधवारी संध्याकाळी सांगितल्याप्रमाणे परत आला. गुरुवारी सकाळी मी त्याला बोर्डिंगच्या नळावर पाहिलं. विटेच्या तुकड्याने टाचा घासत होता. सगळीच मुलं घासतात, फादरांच्या हातात मळके पाय द्यायची लाज वाटते म्हणून. त्याच्या कानामागे पांढरा ठिपका राहून गेला होता. मी काही बोलले नाही. मला त्यात पुसण्यासारखं काही वाटलं नाही.

संध्याकाळी चर्चच्या व्हरांड्यात मुलं चपला काढून रांगेत उभी होती. पॅरिशमधले एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, रांगेवरून नजर फिरवत आले आणि त्या पोरापाशी थांबले. कानामागे बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "हे पाय परवा होळीभोवती नाचलेत. आज फादर धुणार हे?"

मी म्हणाले, "हो, धुणार."

ते पुढे काही बोलले नाहीत. पण पोराने चपला पायात घातल्या. मी हात धरला तर म्हणाला, "टीचर, मी नाही बसत." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. फादर बाहेर आले, त्याला जवळ घेऊन समजावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि नाहीच म्हणाला. मिस्सा सुरू झाली. अकरा जणांचे पाय धुतले गेले. त्याच्या जागी दुसऱ्याला बसवू का, असं फादरांनी खुणेने विचारलं, मी नको म्हटलं. तो मागे मुलांच्या रांगेत बसून प्रत्येक गीत म्हणत होता. ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घ्यायला, मात्र उठला नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्रही आधी नाही म्हणतो. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, म्हणतो. पण तो आपल्या गुरूने खाली वाकू नये म्हणून. या पोराला आपलेच पाय त्या घंगाळाच्या लायकीचे वाटेनात, आणि ते त्याला येशूने सांगितलं नव्हतं.

माझी बाजू घेणारे म्हणतात, येशूने त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले की. हा युक्तिवाद मला नको. त्या पोराने विश्वासघात कुठे केला होता? तो आईला भेटून, आपल्या सख्ख्या काकांचा नवस फेडायला उभा राहून, वेळेवर परत आला होता.

आता पॅरिशमधल्या त्या ज्येष्ठ काकांचंही सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यांच्या बाजूचे आहात. ईस्टरनंतर मी त्यांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, होळीची वर्गणी आणि नाच बंद केला, तर गावाने त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. आजी नदीत झरा खणून पाणी आणायची. "ज्यासाठी माझ्या आजीने वाळू उकरली, ते तुम्ही रजेच्या अर्जावर सोडून देता," असं म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. त्यांच्या घरात श्रद्धेची किंमत मोजलेली आहे. मी जिथे वाढले तिथे ती कुणी मागितली नव्हती.

तरीही मी रजा देते. जाण्याआधी पोरांना घेऊन चॅपेलमध्ये बसते, तिकडे दारू प्यायची नाही, मारामारीत पडायचं नाही एवढं सांगते आणि प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस करून पाठवते. उपाशी राहा असं मात्र सांगत नाही. चर्चच्या नियमानेही उपवास अठरा वर्षांनंतर आहे आणि मांसवर्ज्य चौदानंतर. नियम नसता तरी माझी जीभ रेटली नसती. पावसाळ्यात ज्यांच्या घरची चूल रोज पेटत नाही त्यांना भूक काय असते ते मी काय शिकवू? ती पोरं शुक्रवारचं अंडं आपणहून सोडतात आणि त्याचे पैसे कॅरिटासच्या, म्हणजे चर्चच्या मदतसंस्थेच्या, डब्यात टाकायला सांगतात. त्यात होळीला जाऊन आलेलेही असतात.

तो पोरगा दहावी झाला आणि गेला. गावी मिस्सा असते तेव्हा येतो, असं त्याची आई सांगते. ख्रिस्तप्रसाद घेतो का, हे मी विचारलेलं नाही.

2027 मध्ये 21 मार्चला पुन्हा झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी आहेत. मिरवणूक उरकली की जीप सुटेल, हे आत्ताच सांगून ठेवते. काकांना मी विनंती केली आहे की त्याआधी एका संध्याकाळी बोर्डिंगमध्ये या आणि आजोबांची, आजीच्या झऱ्याची गोष्ट पोरांना तुमच्या तोंडून सांगा. पोरांनी ती ऐकूनच गावी जावं असं मला वाटतं. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. आधी रजा बंद करा, मग येतो, म्हणतात.